आंकड्यांची वाट आणि नायगांवचा टेलिफोन

मराठींत टेलिफोनचा नंबर अजून 'फिरवला' जातो. दहा भोकांची ती तबकडी घराघरांतून कधींच नाहींशी झाली. आतां बटणें दाबतात, नाहीं तर काचेवर बोट टेकवतात. पण "जरा नंबर फिरव पाहूं" हें वाक्य कांहीं गेलेलें नाहीं. भाषा अशी जुन्या वस्तूंना धरून बसते, आणि ह्या एका बाबतींत तरी तिचें तें धरून बसणें अगदींच फुकट नाहीं. तबकडी फिरत होती तेव्हां आंकडा खरोखरच कांहीं तरी फिरवीत असे. पांचाच्या भोकापासून तबकडी परत येतांना तारेंतील वीज पांच वेळां तुटे. त्या पांच हिसक्यांसरशीं दूरच्या एक्स्चेंजमधील एक लोखंडी हात पांच पायऱ्या पुढें सरके. पुढच्या आंकड्यासरशीं दुसरा हात सरके. आंकडे संपले कीं वाट पुरी झालेली असे. नंबर हें कोणाचें नांव नव्हतें. ती चालत जाण्याची सूचना होती.

ह्या लोखंडी हाताचा जनक अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रोजर. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. गांवांतील प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर बसते आणि आपल्या गिऱ्हाइकांचे टेलिफोन नवऱ्याच्या दुकानाकडे जोडून देते, असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, मधल्या माणसाला वगळणारें यंत्र त्यानें शोधलें आणि १८९१ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. तोंवर नंबर सांगावा लागे तो माणसाला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथें १८८२ सालीं एक्स्चेंजें उघडलीं, तीं अशाच माणसांच्या हातचीं. परगांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवून घंटेची वाट पाहत बसावें, हा प्रकार तर पुढें कित्येक वर्षें चालला. १९६० सालीं लखनौ आणि कानपूर ह्या दोन शहरांच्या दरम्यान ग्राहकाला परगांवचा नंबर प्रथमच स्वतः फिरवतां आला. लहान गांवांपर्यंत ही सोय पोंचावयास आणखी एक पिढी गेली. १९८४ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॉट ह्या संस्थेनें धूळ आणि उन्हाळा सोसणारें, वातानुकूल खोलीवांचून चालणारें १२८ लाइनींचें ग्रामीण एक्स्चेंज तयार केलें, आणि १९८६ मध्यें कर्नाटकांतील कित्तूर येथें तें प्रथम बसविलें. त्यानंतरच मराठवाड्यांतल्या बाजारपेठांतून एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या दिसूं लागल्या.

त्या काळांत आंकडे वाचूनच गांव कळे. नांदेडचा संकेत २४६२, लातूरचा २३८२. शून्य फिरवला म्हणजे आपली वेस ओलांडली, २४६२ फिरवले म्हणजे नांदेडची वेस आली, आणि उरलेले सहा आंकडे म्हणजे तेथील घर. शून्य सोडून दहा आंकडे, त्यांच्यामागें देशाचा ९१. जगांतील कोणत्याही टेलिफोनचा क्रमांक देशाच्या संकेतासह पंधरा आंकड्यांपेक्षां लांब असूं नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मोबाइल आला तेव्हां ही गांठ सैल झाली. इंटरनेटवरील टेलिफोन आला, ज्याला धंद्यांतील माणसें 'व्हॉइप' म्हणतात, आणि ती सुटलीच.

हा टेलिफोन बोलतो कसा, हें थोडक्यांत सांगतां येतें. बोलणाऱ्याचा आवाज एका सेकंदांत आठ हजार वेळां मोजला जातो आणि प्रत्येक मोजणीचा एक आंकडा होतो. त्या आंकड्यांचीं लहान लहान पुडकीं बांधतात. साधारणतः एका सेकंदाचीं पन्नास. प्रत्येक पुडक्यावर जावयाचा पत्ता असतो आणि तें आपल्या वाटेनें निघतें. पहिलें पुडकें एका वाटेनें गेलें म्हणून दुसऱ्यानें त्याच वाटेनें जावें असें बंधन नाहीं. पलीकडे तीं क्रमानें लावून पुन्हां आवाज तयार होतो. एखादें पुडकें उशिरां आलें तर तें टाकून देतात. म्हणूनच बोलतां बोलतां मधलें एखादें अक्षर गळतें. एका बाजूनें निघालेला शब्द दुसऱ्या बाजूस सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शांत पोंचला तर कानाला कांहीं कळत नाहीं. ह्याहून फार उशीर झाला कीं दोघेही एकदम बोलूं लागतात आणि दोघेही एकदम थांबतात.

परंतु पुडक्यावर जो पत्ता असतो तो टेलिफोनचा क्रमांक नव्हे. तो संगणकाचा पत्ता. मग बोटानें दाबलेल्या आंकड्यांचें होतें काय? त्यांची एक चिठ्ठी होते. "अमक्या क्रमांकाला बोलावणें आहे" असें ती चिठ्ठी सांगते. चिठ्ठी कोणत्या भाषेंत लिहावी ह्याचे नियम १९९९ मध्यें ठरले आणि २००२ मध्यें सुधारले. त्या भाषेला 'सिप' म्हणतात. पण चिठ्ठी न्यावी कोणाकडे, हें त्या भाषेंत लिहिलेलें नाहीं. तें ज्या त्या ठिकाणच्या यंत्राला कोणी तरी माणसानें आधीं सांगून ठेवावें लागतें. म्हणजे स्ट्रोजरनें जो मधला माणूस काढला, तो मागच्या दारानें पुन्हां आंत आला आहे. फरक एवढाच, कीं पूर्वीं तो प्रत्येक वेळीं खुर्चीवर हजर असे. आतां तो एकदां येऊन नियमांचा तक्ता लिहितो आणि निघून जातो.

हा तक्ता म्हणजे काय, हें एका गांवाच्या निमित्तानें पाहावें. नायगांव हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण, नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें. तेथें वीस-पंचवीस खाटांचें एखादें रुग्णालय आहे असें समजावें. चालकांनीं जुना इंटरकॉम काढून इंटरनेटवरील टेलिफोन घ्यावयाचें ठरविलें. कारणेंही पटण्यासारखीं आहेत: औषधांची खिडकी, दोन वॉर्ड, शस्त्रक्रियेची खोली, डॉक्टरांचें घर आणि नांदेडमधील सल्ला-केंद्र हीं सारीं एकाच इंटरकॉमवर येतात, आणि नांदेडशीं बोलण्याला वेगळा खर्च पडत नाहीं. भारतांत १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली. देशांतील सर्वसाधारण टेलिफोनांशीं, नेहमींच्याच दहा आंकडी क्रमांकांनिशीं, असे टेलिफोन जोडून देण्याची वाट परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्यें मोकळी झाली. तेव्हां रुग्णालयानें अशा एका कंपनीशीं करार केला, कोपऱ्यांत एक लहानसें खोकें आलें, आणि तें चालू करून देणारा तरुण कारागीर तक्ता लिहावयास बसला.

त्याचें काम असें. तीन आंकडे दाबले गेले तर तें रुग्णालयांतल्या रुग्णालयांत न्यावें. सहा आंकडे दाबले तर तो आपल्याच टापूंतील नंबर. परंतु कंपनीचें यंत्र कदाचित् मुंबईंत आहे आणि त्याला 'आपला टापू' म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, म्हणून त्या सहांच्या मागें टापूचा संकेत आणि ९१ लावून मग बाहेर सोडावे. दहा आंकडे असून पहिला सहा ते नऊ ह्यांपैकीं असेल तर तो मोबाइल; मागें ९१ पुरे. शून्यानें सुरुवात होऊन पुढें दहा आंकडे आले तर शून्य काढावा आणि ९१ लावावे. दोन शून्यें आलीं तर परदेश. तें दार मात्र गरज नसल्यास लावूनच ठेवलेलें बरें. दुर्बळ परवलीचे शब्द असलेलीं अशीं खोकीं इंटरनेटवर हुडकून, रात्रीच्या वेळीं त्यांच्यावरून दूरदेशच्या महागड्या क्रमांकांना टेलिफोन लावणारे चोर जगभर आहेत, आणि सकाळीं बिल मालकाच्या नांवावर येतें.

एवढा खटाटोप प्रत्येक गांवीं प्रत्येक खोक्यांत कां करावा? साऱ्या जगाची एकच वही कां असूं नये, जींत कोणताही टेलिफोन क्रमांक काढला कीं त्याचा इंटरनेटवरचा पत्ता मिळेल? हा विचार सुचला नाहीं असें नाहीं. २००० सालीं तशी योजना लिहिली गेली. तिचें नांव 'इनम'. तिच्यांतील एक गंमत सांगण्यासारखी आहे. टेलिफोनचा क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे येतो: आधीं देश, मग गांव, मग घर. इंटरनेटवरचीं नांवें मात्र पाकिटावरील पत्त्यासारखीं लहानाकडून मोठ्याकडे जातात: आधीं माणूस, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, जिल्हा. म्हणून ह्या योजनेंत सारा क्रमांक उलटा लिहावा लागे. नांदेडचा एखादा नंबर असेल तर घराचे सहा आंकडे शेवटाकडून आधीं, मग २.६.४.२, मग १.९, आणि अखेरीस साऱ्या क्रमांकांचें समाईक आडनांव 'ई१६४.आर्पा'. प्रत्येक आंकड्यामध्यें एक टिंब. युक्ति अगदीं सुरेख होती. ऑस्ट्रियानें २००४ मध्यें ती व्यवहारांत आणली, मागाहून जर्मनीनेंही. पण साऱ्या जगाची वही ती कांहीं झाली नाहीं. क्रमांक कंपन्यांच्या हातीं, आणि आपलें गिऱ्हाईक फुकट बोलूं लागेल अशी वही आपणच भरून देण्याची हौस कोणत्या कंपनीला असणार? कोणत्याही देशाचा नव्हे असा ८८३ हा संकेतही आंतरजालीय क्रमांकांसाठीं वापरून पाहण्यांत आला. साध्या टेलिफोनवरून तो सर्वत्र लागेना, म्हणून तोही मागें पडला.

वही झाली ती दुसरीकडेच, आणि खाजगी. २००९ मध्यें निघालेल्या व्हॉट्सअॅपनें माणसाचा मोबाइल क्रमांक हेंच त्याचें नांव ठरविलें, आणि २०१५ पासून त्यावरून बोलतांही येऊं लागलें. नायगांवची आई हैदराबादच्या किंवा सिंगापूरच्या मुलाशीं रोज रात्रीं बोलते, तेव्हां ती एकही आंकडा दाबीत नाहीं. मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवते. तेथें क्रमांक ही वाट नाहीं, नुसती खूण आहे. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र त्या वहींत पोलिस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका ह्यांचे क्रमांक नाहींत, आणि संकटकाळीं तिच्यावर विसंबूं नये असें ती कंपनी स्वतःच आपल्या अटींत सांगते. त्या क्रमांकांसाठीं कोपऱ्यांतलें खोकें आणि त्यांतला तक्ता हींच पुन्हां आठवावीं लागतात.

आणि नेमकी येथेंच नायगांवच्या त्या तरुण कारागिराच्या हातून चूक होण्याचा संभव फार. घरांतल्या-घरांतल्या टेलिफोनांना नंबर देतांना आपल्याकडे सरसकट १०१ पासून आरंभ करतात. हॉटेलांत, कचेरींत, रुग्णालयांत तीच चाल. पहिल्या मजल्यावरची पहिली खोली १०१, दुसरी १०२. सोयीचें आहे, लक्षांत राहतें. पण आठव्या खोलीच्या वाट्याला मग १०८ येतो आणि बाराव्या खोलीच्या वाट्याला ११२. महाराष्ट्रांत १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे, १०१ अग्निशमनाचा, १०० पोलिसांचा. आणि ह्या सर्वांसाठीं मिळून एकच असा ११२ हा क्रमांक राज्यांत २०२१ पासून चालू आहे. भारताच्या क्रमांक-योजनेंत एकानें सुरू होणारे आंकडे अशाच विशेष सेवांकरितां राखून ठेवलेले आहेत. तक्ता तर वरून खालीं वाचला जातो, आणि त्यांतील पहिलीच ओळ म्हणते कीं तीन आंकडे आले तर आंतल्या आंत न्यावे. रात्रीं दोन वाजतां प्रसूतीची एखादी बाई हाताबाहेर गेली, नांदेडला हलविणें प्राप्त झालें, आणि घाबरलेल्या परिचारिकेनें १०८ दाबला, तर घंटा वाजेल ती आठव्या खोलींत, झोंपलेल्या रोग्याच्या उशाशीं. यंत्र बिघडलेलें नसेल. त्याला सांगितलें तेंच तें करील.

दुसरा सांपळा शून्याचा. बाहेरची लाइन मिळविण्यासाठीं आधीं शून्य दाबावा, ही संवय जुन्या इंटरकॉमनें लावली आहे. नवीन तक्त्यांतही पुष्कळ जण ती तशीच ठेवतात. मग माहीतगार माणूस ११२ साठीं ०११२ दाबतो. आतां दिल्लीचा संकेत ०११ आहे, आणि तेथील कित्येक नंबर दोनानें सुरू होतात. ०११२ एवढे चार आंकडे पाहून खोक्याला वाटतें, गृहस्थ दिल्लीला बोलावयाचें म्हणतात. उरलेले सात आंकडे यावयाचे आहेत. तें थांबतें. कांहीं सेकंद मुकाट थांबतें आणि मग नंबर चुकीचा असल्याचें सांगतें. उलट, माहीत नसलेला माणूस नुसता ११२ दाबतो, आणि शून्य नाहीं म्हणून त्यालाही वाट मिळत नाहीं. दोघेही बरोबर, आणि दोघांचाही फोन लागत नाहीं.

हें केवळ कल्पनेंतलें भय नाहीं. अमेरिकेतील टेक्सास संस्थानांत मार्शल नांवाचें गांव आहे. तेथील एका हॉटेलच्या खोलींत डिसेंबर २०१३ मध्यें केरी हंट ह्या स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी जवळ होती. संकटांत ९११ फिरवावा, हें तिला शिकविलेलें होतें, आणि तिनें तो फिरविला. एकदां नव्हे, चार वेळां. टेलिफोन लागला नाहीं. बाहेरची लाइन मिळण्यासाठीं आधीं एक जादा नऊ दाबावा लागे, आणि तें नऊ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? आई वांचली नाहीं. तिच्या वडिलांनीं, म्हणजे मुलीच्या आजोबांनीं, हा विषय लावून धरला. फेब्रुवारी २०१८ मध्यें 'केरीचा कायदा' झाला आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून अंमलांत आला. नव्यानें बसणाऱ्या प्रत्येक अशा यंत्रावरून कोणताही जादा आंकडा न दाबतां ९११ लागला पाहिजे, आणि तो लावल्याची सूचना त्याच वेळीं इमारतींतल्या जबाबदार माणसालाही गेली पाहिजे, असें तो कायदा सांगतो.

नायगांवच्या कारागिराला एवढ्यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आंतल्या टेलिफोनांचे नंबर त्यानें १०१ ऐवजीं ४०१ पासून द्यावे. खोल्यांवरच्या पाट्या बदलाव्या लागल्या तरी हरकत नाहीं. तक्त्याच्या अगदीं पहिल्या ओळींत १००, १०१, १०२, १०८ आणि ११२ हे लिहावे, आणि त्यांच्यामागें शून्य असो वा नसो, दोन्ही रीतींनीं ते बाहेर जातील असें करावें. ही सारी अर्ध्या तासाची कामगिरी आहे.

ह्यापुढचा प्रश्न मात्र अर्ध्या तासाचा नाहीं. फोन लागला, पण तो कोठून आला हें पलीकडे कळतें काय? तांब्याच्या तारेचा टेलिफोन कोणत्या घरांत आहे, हें एक्स्चेंजच्या नोंदवहींत असे. मोबाइल कोठें आहे, ह्याचा अंदाज जवळच्या मनोऱ्यावरून बांधतां येतो. इंटरनेटवरचा टेलिफोन मात्र नायगांवांतून उचलून पुण्यास नेला आणि तेथील इंटरनेटला जोडला, तरी त्याचा क्रमांक तोच राहतो. त्याचें बोलणें सामान्य टेलिफोनच्या जाळ्यांत शिरतें तें कंपनीचें दार जेथें असेल तेथें. ही अडचण सरकारी यंत्रणेला ठाऊक नाहीं असें नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑक्टोबर २०१७ मधील शिफारशींत म्हटलें, कीं अशा सेवेवरून आणीबाणीचे क्रमांक लागावेत म्हणून कंपन्यांना उत्तेजन द्यावें, पण तूर्त सक्ति करूं नये; आणि ह्या बाबतींतील मर्यादा ग्राहकांना स्पष्ट शब्दांत सांगाव्या. स्पष्ट शब्द बहुधा कराराच्या मागच्या पानावर बारीक टाइपांत असतात, तो भाग वेगळा.

मग बोलणाऱ्यानेंच गांव सांगावें हें उघड आहे. परंतु "नायगांवहून बोलतोय" एवढें सांगितल्यानें काय कळणार? मुंबईंत दादरजवळ नायगांव आहे. वसईच्या खाडीपाशीं नायगांव आहे, रेल्वेचें स्टेशनच आहे तेथें. साताऱ्याकडे खंडाळा तालुक्यांतलें नायगांव तर सर्व महाराष्ट्राला ठाऊक. सावित्रीबाई फुले १८३१ सालीं तेथें जन्मल्या. आणि हें नांदेड जिल्ह्यांतलें. जुन्या दिवसांत २४ ने सुरू झालेला संकेत पाहूनच ऐकणाऱ्याला कळलें असतें, कीं हा मराठवाड्याचा नंबर, वसईचा नव्हे. तो संकेत आतां साक्ष देत नाहीं, आणि गांवाचें नांव एकटें पुरत नाहीं.

म्हणून शक्य तर आणीबाणीचे तेवढे क्रमांक इंटरनेटवरून न नेतां, रुग्णालयाच्या पत्त्यावर नोंदलेल्या स्थानिक लाइनवरून बाहेर काढावे, असा नियम तक्त्यांत घालतां येतो. अशी लाइन जवळ नसेल तर कंपनीकडे रुग्णालयाचा पुरा पत्ता नोंदवून त्याची लेखी पोंच घ्यावी, आणि टेबलाशीं एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवावा. तो मोबाइल आणखी एका कारणासाठींही हवा. जुन्या टेलिफोनला लागणारी ४८ व्होल्टांची वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून तारेनेंच घरीं येई. गांवांत अंधार झाला तरी टेलिफोन बोलत असे. नव्या व्यवस्थेंत हातांतला टेलिफोन, कोपऱ्यांतलें खोकें, राउटर आणि फायबरची पेटी ह्या चारांनाही वीज लागते, आणि चारांपैकीं एकाची गेली कीं उरलेलीं तीन असून नसल्यासारखींच. मराठवाड्याला भारनियमन कशाला म्हणतात हें सांगावयास नको. बॅटरी ठेवतात, पण पुष्कळदां ती संगणकाला जोडतात आणि भिंतीवरची फायबरची पेटी विसरतात.

तक्ता लिहून झाला म्हणजे कारागिरानें प्रत्येक टेलिफोनवरून एकेक नंबर लावून पाहावा: आंतला, गांवांतला, नांदेडचा, मोबाइलचा. ११२ची परीक्षा घ्यावयाची तर गर्दीच्या वेळीं घेऊं नये, आणि उचलणाऱ्याला पहिल्याच वाक्यांत सांगावें कीं ही नुसती तपासणी आहे, आमचा पत्ता तुमच्याकडे काय दिसतो तेवढें सांगा. उत्तर काय येतें तें लिहून घ्यावें. मग मुख्य विजेचा खटका बंद करून हीच तपासणी पुन्हां एकदां करावी. शेवटीं प्रत्येक टेलिफोनशेजारीं, उचलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, ठळक अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवावी: रुग्णालयाचें नांव, देगलूर रस्त्यावरील जवळची खूण, नायगांव, तालुका नायगांव, जिल्हा नांदेड.